तेलविहिरीचं पाणी शुद्ध करून नदीत, शेतात सोडता येतं का? (खानापूरच्या एका पोराच्या प्रश्नाला उत्तर)

प्रश्न असा आलाय. खानापूर तालुक्यातला मुलगा, बीएस्सी केमिस्ट्री, बेळगावच्या उद्यमबागेत एका मशिनशॉपच्या इटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) काम करायलाय, त्याला राजस्थानात बाडमेरकडं एका कॉन्ट्रॅक्टरकडनं ऑफर आलीय. तो विचारतोय की काका, तेलाबरोबर विहिरीतनं जे पाणी वर येतं ते शुद्ध करून खरंच बाहेर सोडता येतं का, आणि आमच्या कूलंटच्या (मशिनवर धातू कापताना गार ठेवायला सोडतात त्या तेलमिश्रित) पाण्यात आणि त्यात फरक काय. शेवटी हेही लिहिलंय की बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या शिवारात शिरलेलं लहानपणापासून बघितलंय, त्यामुळं "ट्रीटेड" हा शब्द ऐकला की विश्वासच बसत नाही.

मी निपाणीकडचा, आधी गुजरातेत आणि मग आखातात याच कामावर होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शुद्ध होतं. पिण्याच्या पाण्याइतकं सुद्धा करता येतं, तेवढा खर्च करायची तयारी असेल तर. पण "किती शुद्ध" ह्याला एकच उत्तर नाही, ते पाणी कुठं जाणाराय त्यावर सगळं ठरतंय. समुद्रात जाणार असेल तर एक प्लांट, ओढ्यात जाणार असेल तर वेगळा, शेतात जाणार असेल तर आणखी वेगळा, आणि परत जमिनीखाली जाणार असेल तर चौथाच. माझ्या बघण्यात जे प्लांट वर्षानुवर्षं अडकून पडले त्यातल्या बहुतेकांत आधी मशिनरी घेतलेली होती आणि पाणी सोडायचं कुठं ते नंतर ठरवलं होतं.

पहिल्यांदा पाणी किती असतंय ते बघ. लोकांना वाटतं विहिरीतनं तेल येतं आणि थोडंसं पाणी. उलटं आहे. जगाचा ढोबळ हिशेब म्हणजे एक पिंप तेलामागं तीन पिंप पाणी, एक पिंप म्हणजे १५९ लिटर. फील्ड जुनं झालं की शंभरातलं नव्वद पाणीच येतंय. हे पाणी लाखो वर्षं दगडात तेलाशेजारी अडकून पडलेलं असतं, त्यामुळं त्यात मीठ असतं, कुठं हजार-दोन हजार मिलिग्रॅम लिटरला तर कुठं दोन लाखांच्या वर, आणि समुद्राचं पाणी साधारण ३५,००० असतं हे लक्षात घे म्हणजे अंदाज येईल. शिवाय बेरियम, स्ट्रॉन्शियम, लोह, बोरॉन, अमोनिया, हायड्रोजन सल्फाइड, विरघळलेलं बेंझीन-टोल्यूइन, फिनॉल, सेंद्रिय आम्लं, काही ठिकाणी रेडियम, आणि वर आपणच पाइपलाइन गंजू नये, क्षार बसू नये, तेल-पाणी लवकर फुटावं म्हणून ओतलेली केमिकलं. तुझ्या कूलंटच्या टाकीत तेल आणि साबणासारखं इमल्सिफायर, थोडे मेटलचे कण, संपलं. इथं तेल हा त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. अवघड आहे ते न दिसणारं, विरघळलेलं.

आता नियम बघ, कारण त्यातनंच हे कळतं. भारतात समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवरनं सोडायचं असेल तर तेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत, ते ९५ टक्के वेळा, आणि १०० च्या वर कधीच नाही, आणि हे मोजायचं पाणी मिसळून पातळ न करता. उत्तर समुद्रात ३०, अमेरिकेच्या समुद्रात महिन्याची सरासरी २९ आणि एका दिवसाला जास्तीत जास्त ४२. म्हणजे समुद्रात मुख्यतः तेलावर नजर असते, मिठाचं तिथं कोण विचारणार. पण तेच आपल्याकडं जमिनीवर सोडायचं म्हटलं की तेल १० च्या आत, आणि त्याच्याबरोबर बीओडी ३०, सीओडी १०० (पाण्यातली घाण कुजायला किंवा जळायला किती ऑक्सिजन लागतो त्याची मापं), क्लोराइड ६००, एकूण विरघळलेले क्षार २१००, सोडियम (कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम धरून त्यांत सोडियमचा वाटा) ६० टक्क्यांच्या आत, सल्फाइड २, फिनॉल १.२, तापमान ४० डिग्रीच्या आत. तेल १० वर आणणं कष्टाचं आहे पण होतं. दहा-वीस हजार क्षार २१०० वर आणणं म्हणजे मीठ काढायचा प्लांटच बसवणं, तिथं विजेचं बिल आणि उरलेल्या खारट पाण्याचा प्रश्न दोन्ही येतात. म्हणून जमिनीवरच्या फील्डात बहुतेक पाणी शुद्ध करून परत त्याच तेलाच्या थरात ढकलतात, तेलाला दाबही मिळतो आणि वर काही सोडावं लागत नाही. वापरात नसलेल्या विहिरीत टाकायचं असेल तर १००० मीटरच्या खाली, आणि तेव्हा फक्त तेल १० आणि गाळ १०० एवढंच बघतात. माझं स्वतःचं मत विचारशील तर खाली परत पाठवता येत असेल तर तेच करावं. पण ते बी कुठंही आणि कितीही चालतं असं नाही, अमेरिकेत ओक्लाहोमात खोल थरात बेसुमार पाणी ढकलल्यामुळं भूकंप सुरू झाले, २०१६ च्या सप्टेंबरात पॉनीचा ५.८ चा झाला.

सोडियम ६० टक्के हा आकडा वाचून माणसं पुढं जातात, पण आपल्या भागातल्या माणसानं तरी जाऊ नये. रायबाग, अथणी, चिकोडीकडं कृष्णाकाठच्या काळ्या रानात क्षारपड आणि चोपण झालेल्या जमिनी बघितल्यास ना? वर पांढरं फुललेलं, पावसात चिकट गारा, उन्हात दगड, पाणी आत जिरतच नाही. चोपण होते ती सोडियममुळं. मातीच्या कणांवरचं कॅल्शियम हटवून सोडियम बसला की कण सुटे होतात आणि छिद्रं बुजतात. म्हणून तर शेतकरी जिप्सम टाकतात, त्यातलं कॅल्शियम सोडियमला बाहेर ढकलतं, मग चर काढून तो धुऊन न्यावा लागतो, आणि त्याला वर्षं जातात. आपल्याकडं हे साध्या नदीच्या पाण्यानं, पाणी जादा दिल्यानं आणि निचरा नसल्यानं झालंय. तेलविहिरीच्या पाण्यातलं मीठ बहुतांशी सोडियम क्लोराइडच असतंय, मग ते नुसतं तेल काढून रानात सोडलं तर काय होईल ते तूच बघ.

आता तेल कसं काढतात. मूळ तत्त्व एकच, थेंब वर चढू द्यायचा. थेंब किती वेगानं चढतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. साधारण हलकं तेल आणि साधं पाणी धरलं तर १०० मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब एक मीटर चढायला वीस मिनिटं घेतो, १० मायक्रॉनचा तेवढ्यालाच दीड दिवस. म्हणजे थेंब दहा पट बारीक झाला की वेळ शंभर पट. आणि थेंब बारीक कोण करतं? आपणच. साधा सेंट्रिफ्युगल पंप जोरात फिरवला, किंवा अर्धवट उघडलेल्या व्हॉल्व्हमधनं दाबाखालचं पाणी सोडलं, की चांगले मोठे थेंब भुकटी होऊन जातात, आणि मग पुढं कितीही महागडी मशिनरी लावली तरी आउटलेटचा आकडा खाली येत नाही. नवीन प्लांटवर गेलास की आधी लाइन धरून चालत जा, सेपरेटरपासून शेवटपर्यंत, आणि पंप कुठं, कंट्रोल व्हॉल्व्ह कुठं ते बघ. पंप लागणारच असेल तर स्क्रू टाइप, हळू फिरणारा. व्हॉल्व्ह शक्य असेल तर हायड्रोसायक्लोनच्या नंतर, आधी नाही. एवढं एक बदलून आउटलेटचं तेल निम्म्यावर आलेलं मी बघितलंय, केमिकलचा एक थेंब न वाढवता.

क्रम साधारण असा असतो. सेपरेटर (तेल, गॅस, पाणी वेगळं करायची पहिली टाकी), मग स्किम टँक किंवा तिरक्या पन्हाळी पत्र्यांचा इंटरसेप्टर, तो ५०-६० मायक्रॉनपर्यंतचं धरतो. मग हायड्रोसायक्लोन, म्हणजे एका ड्रममध्ये बसवलेल्या मीटर-दीड मीटरच्या निमुळत्या नळ्या, पाणी कडेनं आत घुसून गरगर फिरतं, जड पाणी भिंतीला जातं आणि हलकं तेल मधोमध दोरीसारखं जमून उलट्या बाजूनं बारीक भोकातनं बाहेर पडतं. हलणारा एक पार्ट नाही, दाब तेवढा पाहिजे. त्या बारीक भोकावर लक्ष ठेव. तिथनं एकूण पाण्याच्या एक ते तीन टक्के पाणी तेल घेऊन जात असतं, ते मेणानं किंवा वाळूनं बुजलं की तेल सरळ पाण्याबरोबर पुढं जातं आणि कंट्रोल रूममध्ये फ्लो मात्र झकास दिसतो. आणि पाणी कमी आलं की नळ्यांत फिरकीच बनत नाही, तेव्हा काही नळ्या बंद करून बाकीच्यांना पुरेसं पाणी द्यायला लागतं. बाडमेरचं तेल मेणाचं आहे, गार झालं की घट्ट होतं, त्यामुळं तिथं लाइन गरम ठेवणं हेच निम्मं काम.

त्यानंतर फ्लोटेशन, हे तुला माहीत आहे, तुमच्याकडं डीएएफ (हवा विरघळवून बुडबुडे सोडायची टाकी) असणारच. बारीक बुडबुडे सोडायचे, ते तेलाच्या थेंबाला चिकटून वर आणतात, वरची साय ओढून काढायची, त्याच्या आधी थोडं पॉलिमर (बारीक कण एकत्र चिकटवणारं केमिकल) द्यायचं. गुऱ्हाळात काहिलीत भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी कशी गोळा होऊन वर येते आणि गुळव्या ती काढून टाकतो, तसंच. डोस कमी पडला तर गढूळ राहतं आणि जास्त झाला तर ते पॉलिमरच घोटाळा करतं, गुळव्याला जसं नजरेनं कळतं तसं ऑपरेटरला कळलं पाहिजे. जारटेस्ट (भांड्यात वेगवेगळे डोस टाकून बघायची चाचणी) साइटवरच ताज्या सँपलवर करायची. लॅबला पाठवलेल्या बाटलीत हवा लागून लोह गंजतं, पाणी तांबूस होतं, मग तो डोस खऱ्या पाण्याला लागू पडत नाही. जार बघताना गुठळ्या किती मोठ्या झाल्या ते बघू नकोस, दोन गुठळ्यांच्या मधलं पाणी किती नितळ आहे ते बघ. बाडमेरच्याच मंगला फील्डात तेल ढकलायला जमिनीखालीच पॉलिमर सोडतात, तसलं पाणी वर आलं की चिकट असतं, थेंब चढतच नाहीत, आणि तिथं नेहमीचे डोस चालत नाहीत, हे आधीच डोक्यात ठेवून जा.

इथं एक गोष्ट फार काळजीनं सांगतो, बाकी सगळं विसरलास तरी चालेल. उद्यमबागेत इमल्शन (तेल-पाण्याचं दुधासारखं मिश्रण) फोडायला तुम्ही अॅसिड ओतता आणि हवेचे बुडबुडे सोडता. तेलफील्डात ही दोन्ही कामं डोळे झाकून करायची नाहीत. पाण्यात सल्फाइड असेल आणि अॅसिड पडलं तर हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सुरुवातीला कुजक्या अंड्याचा वास येतो, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकाची वास घ्यायची ताकदच जाते, माणसाला वाटतं वास गेला म्हणजे धोका गेला, आणि त्याच्या पुढं काही श्वासांत माणूस पडतो. त्याला काढायला आत उतरलेला दुसरा बी पडतो. छातीवर डिटेक्टर लावल्याशिवाय टाकीवर चढायचं नाही, मॅनहोल उघडायचं नाही, सोबत माणूस आणि हवेचा सिलिंडर नसताना आत उतरायचं तर नाहीच. आणि फ्लोटेशनला तिथं हवा नाही, नायट्रोजन नाहीतर फ्यूएल गॅस वापरतात, कारण हवा आणि गॅस एकत्र आले तर स्फोटाची भीती, शिवाय ऑक्सिजननं पाइप गंजतात.

फ्लोटेशननंतर अक्रोडाच्या कवचाचा फिल्टर. होय, खऱ्या अक्रोडाच्या कवचाचा चुरा. त्याला तेल लागतं पण घट्ट धरून बसत नाही, जोरात ढवळून धुतलं की सुटतं, म्हणून वाळूपेक्षा बरा. आत येणारं तेल ५०-१०० च्या आत असेल तर बाहेर ५-१० मिळतं. त्याच्यापेक्षा जास्त तेल आत ढकललंस तर तो फिल्टर राहत नाही, तेलाचा गोळा होतो.

इथपर्यंत तरंगणारं तेल गेलं. विरघळलेलं बेंझीन, फिनॉल, आम्लं तशीच आहेत, आणि पाणी काचेसारखं दिसतंय. समुद्रात सोडतानाही माशांना त्रास होतो तो बराचसा ह्याच विरघळलेल्या भागाचा. ते काढायला जिवाणू हा उत्तम उपाय, साखर कारखान्याच्या इटीपीवर एअरेशन टँक (हवा सोडून जिवाणू जगवायची टाकी) असतो तोच प्रकार. फक्त पाणी येतंय ६०-७० डिग्रीचं, ते आधी गार करायला पाहिजे. फॉस्फरस नसतोच, तो वरनं घालावा लागतो. आणि मिठाचं प्रमाण एकदम वर-खाली झालं तर जिवाणू मरतात. खारट पाण्याला सवय झालेले जिवाणू खारट पाण्यात छान काम करतात, त्यांना एक दिवस गोडं पाणी दिलं तरी फेस येऊन टाकी उतू जाते. म्हणून आधी मोठी बरोबरी करणारी टाकी पाहिजेच, आणि कॉस्ट कमी करायला पहिली कात्री तिलाच लागते, ह्याचं मला नेहमी वाईट वाटतं.

मग मीठ. साधारण ४०,००० च्या आसपासपर्यंत आरओ, त्याच्या वर वाफ करून गाळणारे इव्हॅपोरेटर. आरओचं पाणी मिळालं म्हणजे सुटलो असं नाही. बोरॉन साध्या पीएचला आरओच्या पडद्यातनं बराचसा आरपार जातो, कारण त्याच्यावर चार्ज नसतो. पीएच १० च्या जवळ न्यावा तेव्हा तो अडतो. आणि द्राक्षाला बोरॉन अर्धा-पाऊण मिलिग्रॅमच्या वर गेला की पानांच्या कडा करपायला लागतात. अथणी-तेलसंगकडच्या बागायतदाराला असलं पाणी "आरओचं आहे" म्हणून दिलं तर बाग जाईल आणि कारण कुणाला कळणार नाही. दुसरं, आरओच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम राहतच नाही, ते परत घातल्याशिवाय शेतात दिलं तर वर सांगितलेली मातीची अडचण, आणि ओढ्यात सोडलं तर मासे जगत नाहीत. माशांची चाचणी म्हणजे न मिसळलेल्या सांडपाण्यात ९६ तासांनी ९० टक्के मासे जिवंत पाहिजेत. सगळे आकडे नियमात बसूनही ह्या चाचणीत पाणी नापास होतं, कधी अमोनियामुळं, कधी आपण घातलेल्या बायोसाइडमुळं (जिवाणू मारायच्या केमिकलमुळं). मी आकड्यांपेक्षा ह्या चाचणीवर जास्त भरवसा ठेवतो.

विश्वास बसावा अशी उदाहरणं आहेत. ओमानमध्ये निमर फील्डात एक पिंप तेलामागं दहा पिंप पाणी निघतं. तिथं २०१० च्या आसपास वाळवंटात मैलोनमैल लव्हाळ्या-बोरूसारख्या वनस्पतींची पाणथळ उभी केली, तेल आधी काढून घेतात, मग पाणी उतारावरनं आपोआप वाहत जातं, मुळांतले जिवाणू उरलेलं तेल खातात, शेवटी बाष्पीभवन तलाव. दिवसाला लाख घनमीटरच्या वर पाणी, आणि पंपाची वीज जवळजवळ नाही. स्थलांतर करणारे पक्षी तिथं उतरतात. पण ते पाणी सात-आठ हजार क्षारांचं आहे आणि जागा अमाप आहे म्हणून जमलं. कॅलिफोर्नियात कर्न काउंटीत तेलफील्डाचं पाणी अक्रोडाच्या कवचातनं गाळून कालव्याच्या पाण्यात मिसळून बागांना देतात, १९९० च्या दशकापासून, कारण तिथलं पाणी मुळातच कमी खारट.

उलटं उदाहरण अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं. तिथं शेल गॅसच्या (खडक फोडून काढलेल्या गॅसच्या) विहिरींचं पाणी गावच्या ड्रेनेजच्या प्लांटला पाठवत होते. असले प्लांट मीठ काढतच नाहीत, त्यामुळं मीठ, ब्रोमाइड सगळं नदीत गेलं, खालच्या गावांच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीनबरोबर मिळून घातक पदार्थ बनायला लागले, मग २०११ मध्ये ते थांबवायला सांगितलं आणि २०१६ मध्ये कायद्यानं बंद केलं. तिथल्याच एका खास ब्राइन (खारट पाणी) शुद्ध करायच्या प्लांटच्या खाली ओढ्याच्या गाळात रेडियम वरच्या बाजूपेक्षा २०० पटीच्या आसपास सापडलं, आणि तो प्लांट रेडियम काढत होता, बराचसा. रेडियम-२२६ ची अर्धी मात्रा जायला १६०० वर्षं. "नदीत पातळ होतंय" म्हणणाऱ्याला हे सांग. आपल्या मार्कंडेय, घटप्रभेला एप्रिल-मेमध्ये पाणी किती असतं? पातळ करणार कशात?

आता तुझ्या विश्वासाचा प्रश्न, "ट्रीटेड" खरं कसं ओळखायचं. सँपल कसं घेतलं ते बघायचं. तेलासाठी बाटली काचेची, प्लास्टिकची नाही. बाटली त्याच पाण्यानं विसळायची नाही, कारण विसळताना काचेला तेल लागून राहतं आणि आकडा चुकतो. नळ दोन मिनिटं वाहू द्यायचा, पाइपच्या मधल्या धारेतलं पाणी घ्यायचं, पार तोंडापर्यंत भरायची नाही. उघड्यावर, वारा ज्या बाजूनं येतोय त्या बाजूला उभं राहून अॅसिड टाकून पीएच २ च्या खाली, आणि लॅबमध्ये अख्खी बाटली वापरायची, अर्धी ओतून नाही, आणि रिकामी बाटलीसुद्धा सॉल्व्हंटनं धुऊन ते धुवण त्यात मिळवायचं. ह्यातलं एक चुकलं की ४० चे १५ होतात. शिवाय कुठल्या पद्धतीनं मोजलं ते रिपोर्टवर पाहिजे, इन्फ्रारेडनं, वजनानं आणि जीसीनं (गॅस क्रोमॅटोग्राफ मशिननं) एकाच पाण्याचे तीन आकडे येतात.

तर जा, काम चांगलं आहे आणि तुझं जारटेस्टचं शिक्षण तिथं उपयोगी पडेल. पण होकार द्यायच्या आधी त्यांना तीन गोष्टी विचार. पाणी शेवटी कुठं जातं, विहिरीत, तलावात का ओढ्यात. हायड्रोजन सल्फाइडचं ट्रेनिंग आणि डिटेक्टर कंपनी देते का तुला घ्यायला लागतो, नाही म्हणाले तर जाऊच नकोस, पगार कितीही असू दे. आणि टाक्यांतला गाळ कोण काढतं, रेडियम असलं तर ते गाळात आणि पाइपच्या पापुद्र्यात बसतं, ते तपासलंय का. जमलं तर इनलेट-आउटलेटचा अलीकडचा अॅनालिसिस रिपोर्ट मागून घे, आणि त्यात सोडियम, बोरॉन, बेरियम, सल्फाइड, अमोनिया हे रकाने आहेत का बघ. मिळाला तर मला पाठव, बघून सांगतो.